मेलबर्नचा गारठा, शिकागोची थंडी

मेलबर्नमध्ये काही वर्षं काढलेल्या माणसाला थंडी चांगली ओळखीची असते. फक्त ती त्याला घरात भेटलेली असते. तिथला जुलै म्हणजे दुपारी चौदा अंश, पहाटे सहा-सात. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला त्याचं काही वाटणार नाही. पण तिथली जुनी लाकडी घरं भलतीच हवेशीर. खिडक्यांना एकेरी काच, दाराखाली बोटभर फट, जमिनीच्या फळ्यांखालून वारा खेळता. बाहेरून आल्यावर कोट काढायचा नाही, वर शाल ओढायची. आपला देश उन्हाचा आणि समुद्राचा, ही ऑस्ट्रेलियन माणसाची समजूत इतकी पक्की, की हिवाळ्याचे तीन महिने म्हणजे काहीतरी तात्पुरती गैरसोय आहे असं धरून तो चालतो. हाफ पँट घालून दूध आणायला जातो आणि रात्री गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेऊन झोपतो.

शिकागोला जायचं ठरलं तेव्हा मित्रमंडळींनी आमची पाठवणी अशी केली, की जणू आम्ही अंटार्क्टिकाच्या तळावर निघालोय. आणि इथे आल्यावर पहिल्याच जानेवारीत काय झालं, तर उकडतंय म्हणून रात्री खिडकी उघडावी लागली. बाहेर उणे बारा, आत पंचवीस. आमचं घर शहराच्या उत्तर टोकाला, रॉजर्स पार्क भागात, जुन्या विटांच्या तीन मजली इमारतीत. तळघरातला बॉयलर सगळ्यांना मिळून एक. पहाटे तो पेटला की पाइपांतून कुणी हातोडी आपटत वर येतंय असा आवाज होतो आणि मग रेडिएटर फुसफुसायला लागतात. हे रेडिएटर गरजेपेक्षा मोठे का, याचं उत्तर जुने लोक १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शोधतात. घरात ताजी हवा हवी म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि तरीही खोली तापली पाहिजे, या बेताने तेव्हाची यंत्रणा बसवलेली.

शिवाय पालिकेचा नियमच आहे. १५ सप्टेंबर ते १ जून या काळात, भाडेकरूच्या हातात स्वतःचा हीटर नसेल तर, घरमालकाने सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहापर्यंत घर किमान ६८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे २० सेल्सिअसवर ठेवायचं, आणि रात्री ६६ वर. नाही ठेवलं तर ३११ नंबर फिरवायचा. दंड दिवसाला ५०० ते १,००० डॉलर. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातही भाड्याच्या घराच्या मुख्य खोलीत पक्का बसवलेला हीटर हवा असा नियम आहे. खोली किती गरम असावी याबद्दल मात्र तो काही बोलत नाही. दोन शहरांच्या स्वभावातलं अंतर मला या दोन नियमांत दिसतं. शिकागोने थंडी मुळात मान्य केली आहे, आणि मान्य केल्यामुळेच तिला दाराबाहेर उभं करता आलं आहे.

आम्ही इथे कसे, हा प्रश्न डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय किराणा दुकानात हमखास येतो, कारण व्हिसा हा तिथला हवामानाइतकाच नेहमीचा विषय. आम्ही ई-३ वर. अमेरिका-ऑस्ट्रेलिया मुक्त व्यापार कराराच्या पाठोपाठ २००५ मध्ये अमेरिकेने हा व्हिसा फक्त ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी काढला. वर्षाला १०,५०० जागा, आणि त्या आजवर कधी भरलेल्या नाहीत. एच-१बी व्हिसासारखी सोडत नाही, दोन-दोन वर्षांनी वाढवून मिळतो, जोडीदारालाही नोकरी करता येते. ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. मग मी त्याला पुढचं सांगते: ग्रीन कार्डची रांग पासपोर्टवर ठरत नाही, जन्म कुठल्या देशात झाला त्यावर ठरते. त्यामुळे ऑस्ट्रेलियन पासपोर्ट हातात घेऊनही आम्ही उभे भारताच्याच रांगेत. यावर त्याचा चेहरा पुन्हा खुलतो आणि कोथिंबिरीची जुडी जरा मोठी मिळते.

घराबाहेर पडण्याची तयारी हे इथलं खरं शिक्षण. आधी तापमानाचा घोळ. रेडिओवर 'आज वीस' म्हटलं की ऑस्ट्रेलियन कानाला अर्ध्या बाह्यांचा शर्ट आठवतो. इथे ते उणे सात असतं. उणे चाळीसला दोन्ही मापं एक होतात, पण तिथे पोचून खात्री करून घ्यायची इच्छा कुणाला नसते. शिवाय खरा आकडा वाऱ्याचा. तापमान उणे दहा आणि लेक मिशिगनवरून वारा सुटलेला असला तर उघड्या कातडीला उणे वीस लागतं. म्हणून अंगालगत सुती कपडा नको, घाम धरतो. पातळ मेरिनो लोकर हवी. ऑस्ट्रेलियात ज्या मेंढ्या हजारोंनी पाहिल्या त्यांची लोकर अंगाला लावायची वेळ इथे आली. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चार बोटं एकत्र राहतील असे हवेत. आणि वडिलांची जी माकडटोपी कॉलेजच्या वयात आम्हाला लाज आणायची, तिचीच धाकटी बहीण इथे दुकानात बॅलक्लाव्हा म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेली असते.

दाराशी एक उथळ प्लॅस्टिकचा ट्रे असतो. प्रत्येक घरात. बूट त्यात काढायचे, कारण त्यांच्याबरोबर येतं ते नुसतं पाणी नसतं, मिठाचं पाणी असतं. रस्त्यावर, पायऱ्यांवर, फुटपाथवर पालिका आणि लोक मिळून इतकं मीठ टाकतात, की डिसेंबर संपता संपता सगळं शहर लोणच्याला घातल्यासारखं दिसतं. बुटांवर पांढरी वलयं उमटतात. ती पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसायची. गाड्या खालून गंजतात. कुत्र्यांच्या पंजांना मीठ झोंबतं, म्हणून त्यांनाही चार रबरी मोजे. ते घालून कुत्रं पहिल्यांदा चालतं तेव्हा दर पावलाला आपलाच पाय झटकत राहतं.

बुटांवरून आठवलं. मेंढीच्या कातड्याचे अग बूट ऑस्ट्रेलियात घरातल्या स्लिपरसारखे वापरतात. कुणीही बनवतो, कुणीही विकतो. अमेरिकेत मात्र ते नाव कॅलिफोर्नियातल्या डेकर्स कंपनीचं ट्रेडमार्क आहे. सिडनीच्या एका उत्पादकाने अमेरिकेत थोडे जोड विकले म्हणून खटला झाला, तो इथे शिकागोच्याच फेडरल कोर्टात. २०१९ मध्ये ज्यूरीने त्याला साडेचार लाख डॉलर भरायला लावले. इथल्या ऑस्ट्रेलियन मंडळींत पहिल्या बर्फाच्या दिवशी हा विषय एकदा निघतोच, आणि मग सगळे अमेरिकेतच घेतलेले बूट घालून घरी जातात.

बर्फ पडला की शहराला नियमांचं भान येतं. इमारतीसमोरचा फुटपाथ ज्याचा त्याने साफ करायचा, निदान पाच फूट रुंद वाट काढायची. सकाळी सात ते संध्याकाळी सातमध्ये पडलेला बर्फ रात्री दहाच्या आत, त्यानंतर पडलेला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत. फावडं मारण्याची एक रीत आहे. बर्फ भुरभुरीत असताना ढकलायचा, उचलायचा नाही. दुपारी तो ओला झाला की एका फावड्याचं वजन पोत्याएवढं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या पुढे आहेत. त्या पडदा बाजूला सारून बघतात आणि काच वाजवून कोपरा राहिल्याचं दाखवतात.

गाडीचं प्रकरण त्याहून गहन. १ डिसेंबर ते १ एप्रिल, पहाटे तीन ते सात, मोठ्या रस्त्यांच्या १०७ मैलांवर गाडी उभी करायची नाही, बर्फाचा कण पडलेला नसला तरी. सापडली तर उचलून नेतात. नेण्याचे १५० डॉलर, वर ६० चा दंड, वर ठेवणावळ. हे कागदावरचं. गल्लीबोळांत चालतो तो न लिहिलेला कायदा, 'डिब्ज'. रस्त्याकडेला बर्फात गाडलेली आपली गाडी तासभर खपून मोकळी केली, की कामावर जाताना त्या रिकाम्या जागेत काहीतरी ठेवून जायचं. मग दिवसभर ती जागा तुमची. काय ठेवायचं याला धरबंध नाही. आमच्या गल्लीत गेल्या मोठ्या बर्फानंतर बैठक फाटलेल्या दोन स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आणि त्यांवर आडवी फळी होती, पुढे इस्त्रीचं टेबल, त्यापुढे लहान मुलाचा प्लॅस्टिकचा घोडा, आणि कोपऱ्यावर कुणीतरी पुठ्ठ्याचा पूर्ण उंचीचा फुटबॉलपटू उभा केला होता.

ऑस्ट्रेलियन माणसाला हे आधी बिलकूल पटत नाही. रस्ता सार्वजनिक, तो खुर्चीने कसा कुणाचा होतो? आमच्या ओळखीचा ॲडलेडचा एक तरुण यावर जेवणाच्या टेबलावर तावातावाने भांडतो. मला मात्र क्षणात पटलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला यात न समजण्यासारखं काय आहे? फरक असलाच तर इथल्याच बाजूने आहे: रुमाल टाकणाऱ्याने कष्ट केलेले नसतात, खुर्ची ठेवणाऱ्याने तासभर फावडं मारलेलं असतं. पालिकेच्या लेखी डिब्ज बेकायदा, पण माजी महापौर रिचर्ड एम. डेली यांनी उघडपणे त्याची बाजू घेतली होती. आजही मोठ्या बर्फानंतर पालिका काही दिवस काणाडोळा करते आणि मग कचऱ्याच्या गाड्या पाठवून खुर्च्या, घोडे, इस्त्रीची टेबलं गोळा करते.

महापौरांनी सावध राहायला कारणही आहे. जानेवारी १९७९ मध्ये शहरावर वीस इंच बर्फ पडला, रस्ते दिवसेंदिवस अडकून राहिले, आणि पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकेल बिलांडिक हरले. जेन बर्न शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. तेव्हापासून इथे बर्फ उपसणं हे राजकारण आहे. आता प्रत्येक नांगरगाडी नकाशावर कुठे आहे ते फोनवर दिसतं, आणि लोकांकडून या गाड्यांची बारशीही करून घेतात. २०२३ च्या पहिल्या खेपेत एकीचं नाव 'मिसेस ओ'लियरीज प्लाउ' ठेवलं. १८७१ च्या मोठ्या आगीचा आळ जिच्या गाईवर आला ती ही बाई. दुसरीचं 'सॉल्टर पेटन', फुटबॉलपटू वॉल्टर पेटनवरून.

कामावर जायला जार्विस स्टेशनवरून रेड लाइन. उंचावरचा उघडा फलाट, आणि छताला जागोजागी तांबूस दिवे. बटण दाबलं की ते तापतात. खाली आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून, कुणी कुणाकडे न बघता उभी, आणि त्यांच्या पायांत कबुतरं, तीही त्याच उजेडाच्या वर्तुळात. उपनगरी मेट्रा रेल्वेची तऱ्हा आणखी वेगळी: कडाक्याच्या थंडीत रूळ बदलण्याच्या जागा गोठू नयेत म्हणून रुळांशेजारी गॅसच्या ज्वाळा पेटवतात. ३० जानेवारी २०१९ ला ओहेर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या जवळ नोंद झाली, त्या दिवशी टपालसुद्धा बंद होतं. इथे कुणाशी दहा मिनिटं बोललात की त्या दिवशी तो कुठे होता हे कळतंच.

अंधाराची भीती मला थंडीपेक्षा जास्त होती. डिसेंबरात चार वाजून वीस मिनिटांनी सूर्य मावळतो हे ऐकूनच जीव दडपला होता. पण हिशेब केला तर वर्षातला सगळ्यात छोटा दिवस इथे नऊ तास आठ मिनिटांचा, मेलबर्नमध्ये साडेनऊ तासांचा. वीस-पंचवीस मिनिटांचा काय तो फरक. शिकागो आपल्या घड्याळी पट्ट्याच्या पूर्व कडेला असल्यामुळे दिवस लवकर उगवतो आणि लवकर आटोपतो, इतकंच. बाकी डॉक्टर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतात. ज्या देशात बालवाडीपासून टोपी आणि सनस्क्रीनची सक्ती होती तिथून आल्यावर हे जरा विनोदी वाटतं.

घड्याळाचा दुसरा खेळ फोनचा. या दिवसांत मेलबर्न आमच्या १७ तास पुढे. तिकडे चाळीस अंशांत लोक पंख्याखाली लोळत असतात आणि इकडे मी फोन कानाला लावायला टोपी वर सारते. सिडनी हार्बरवरचे नववर्षाचे फटाके आम्ही ३१ डिसेंबरच्या सकाळी सात वाजता चहाबरोबर बघतो. बॉक्सिंग डे कसोटी इथे नाताळच्या संध्याकाळी साडेपाचला सुरू होते. शेजाऱ्यांकडे टर्की कापत असतात, आमच्याकडे नाणेफेक. २०२४ ची कसोटी भारताविरुद्ध होती. पाच दिवसांत मेलबर्नच्या मैदानावर ३,७३,६९१ प्रेक्षक आले, तिथला विक्रमच, आणि आमच्या दिवाणखान्यात दोन्ही बाजूंचे मिळून नऊ. नितीशकुमार रेड्डीच्या शतकाला ॲडलेडच्या तरुणाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. सामना ऑस्ट्रेलियाने १८४ धावांनी जिंकला, त्यानंतर तो जेवायला थांबला आणि आमच्या वाटणीचे गुलाबजामही खाऊन गेला.

संक्रांतीने मात्र इथे मला चकित केलं. मेलबर्नमध्ये ती ऐन उन्हाळ्यात येते. तिळगूळ हाताला चिकटतो, बाजरीची भाकरी खाववत नाही, आणि उत्तरायण म्हणायचं तर सूर्य तिथून दूर निघालेला. सगळं आपलं पंचांगाचा मान राखायला. शिकागोत सणाचा अर्थ जागेवर आला. १५५ नंबरची बस पकडून डेव्हनला जायचं, तीळ आणि चिकीचा गूळ आणायचा. गेल्या संक्रांतीला बाहेर उणे पंधरा होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका चंद्रकळेवर गुडघ्यापर्यंतचे पार्का आणि खाली जाड बूट घालून आल्या. दाराशी ट्रेमध्ये चौदा जोड, कॉटवर कोटांचा डोंगर. वाण म्हणून मी ओठांना लावायचं मलम लुटलं. हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात, आणि दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो. एकमेकींना कुंकू लावतानासुद्धा दोघीतिघींना ठिणगी लागली.

रविवारी वारा पडलेला असला तर मी जार्विसच्या किनाऱ्यावर चालून येते. २०१५ पासून त्याला मॅरियन महोनी ग्रिफिन हिचं नाव आहे, आणि शिकागोतल्या ऑस्ट्रेलियनाने या बाईला एकदा तरी नमस्कार करावा असं माझं मत आहे. ती शिकागोची. आर्किटेक्ट म्हणून परवाना मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी. १९११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीसाठी जागतिक स्पर्धा जाहीर झाली तेव्हा आराखडा तिच्या नवऱ्याने, वॉल्टर बर्ली ग्रिफिनने मांडला आणि चित्रं तिने काढली. कॅनबेराच्या टेकड्या, पिवळसर ऊन, तळं, सगळं तिने न बघता, शिकागोच्या हिवाळ्यात बसून, रेशमी आणि सुती कापडावर रंगवलं. मुदत संपत आली. चित्रांची पेटी टॅक्सीत मावेना इतकी लांब. तेव्हा कडाक्याच्या थंडीतल्या मध्यरात्री टॅक्सीची दारं उघडीच ठेवून, अंगावर कोटही नसलेली माणसं ती पेटी धरून शहरभर धावली आणि ऑस्ट्रेलियाचं शेवटचं जहाज गाठू शकणाऱ्या शेवटच्या आगगाडीत ती चढवली. हे तिनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. १९१२ च्या मे महिन्यात निकाल लागला आणि ग्रिफिन जिंकले.

गोष्टीचा पुढचा भाग आपल्याकडे येतो. वॉल्टर लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी भारतात गेला, मॅरियनही मागून गेली. १९३७ मध्ये तो लखनौतच वारला आणि तिथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत आहे. मॅरियन काम आवरून आधी ऑस्ट्रेलियाला आणि मग शिकागोला परतली, याच रॉजर्स पार्कमध्ये राहिली आणि १९६१ मध्ये गेली. ग्रेसलँड स्मशानभूमीत तिच्या अस्थी कितीतरी वर्षं नावाच्या पाटीविना होत्या. १९९७ मध्ये पाटी लागली. शिकागो, कॅनबेरा, लखनौ: नकाशावर ही तीन टिंबं जोडणारं दुसरं कुणी मला अजून सापडलेलं नाही.

उत्तरेचा वारा सुटला की लेक मिशिगनवर लाटा उठतात, आणि सगळ्यात चांगल्या लाटा थंडीच्याच दिवसांत. शिकागोच्या उद्यान विभागाने २००९ मध्ये काही किनाऱ्यांवर सर्फिंगला परवानगी दिली, त्यात माँट्रोझ आहे. फेब्रुवारीत तिथे कठड्याशी उभी असताना पाण्यातून एक मुलगा फळी काखेत मारून वर आला. भुवयांवर बर्फ, दाढीला बर्फाचे मणी, हुडाच्या काठाला झालर. हेल ऐकून विचारलं तर व्हिक्टोरियातल्या टॉर्कीचा निघाला, बेल्स बीचच्या शेजारचा, इथे पीएचडी करणारा.

"टॉर्कीत हिवाळ्यात पोहायचास?"

"छे, फार थंड असायचं," तो म्हणाला. "पाण्यातून बाहेर आलं की घरी जाऊन पण थंडीच."

खारं पाणी जास्त तरंगवतं, इथे गोड्या पाण्यात फळी जाड घ्यावी लागते, लाटा एकामागोमाग फार जवळ येतात, हे त्याने थडथडत्या दातांनी नीट समजावून सांगितलं. इतकं गारठल्यावर हा रबरी पोशाख कसा काढतोस, हे मी विचारलं. काढतच नाही, म्हणाला. पाठीवरची चेन गोठते. तशीच गाडी चालवत घरी जायचं, सीटवर कचऱ्याची पिशवी अंथरायची, आणि न्हाणीघरात गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली पोशाखासकट उभं राहायचं. "घर भाड्याचं आहे, पण गरम पाणी कधी संपत नाही," असं म्हणून तो गाडीची काच खरवडायला लागला.